चौदाव्या मिनिटाला पंखा

डिस्कवर निशिकांतचं अक्षर, काळ्या मार्करचं:
'अण्णांचा निरोप समारंभ, ३१ मे ०७'.
समारंभातला शेवटचा भ मावला नाही,
तो खाली, भोकाच्या कडेशी, वेगळा लिहिलाय.

अकरा मिनिटं नीट चालते.
मग अण्णांचा हात वर जातो
आणि वरच राहतो.
शर्टाचे चौकोन चौकोन होतात,
आवाज पुढे निघून जातो, तोंड मागे राहतं,
दापोडीच्या फाटकात एकाची सायकल अडकावी
आणि दुसरा बोलत बोलत रूळ ओलांडून जावा, तसं.

घरात सगळेच डॉक्टर.
वहिनी म्हणाली, फुंकर मार. मारली.
भाचा म्हणाला, टूथपेस्ट चोळ. ती नाही चोळली.
घैसासकाकूंनी चष्म्याचं फडकं दिलं:
गोल गोल पुसू नकोस गं,
मधून बाहेर, लहान मुलं सूर्याच्या रेघा काढतात तसं.
काकूंना हे कुठून ठाऊक, विचारायचं राहिलं.
पुसल्यावर अण्णा अकराऐवजी बाराव्या मिनिटाला अडकले.
तेवढीच प्रगती.

मग तपकीर गल्ली.
जिन्याखाली मोहसीन तांबोळींचं दुकान,
दुकान म्हणजे एक खुर्ची आणि तिच्याभोवती वायरी.
त्यांनी डिस्क कडेनं धरली,
ट्यूबलाइटखाली तिरकी केली,
पापडात खडा बघावा तशी.
"घाईत लिहिलीय. सोळाच्या स्पीडनं.
चारनं लिहायची असते, ताई.
आणि मालही पन्नासच्या चळतीतला."

घाई होतीच. रात्रीची बंगळूरची गाडी,
सात नातेवाइकांच्या सात डिस्का,
निशिकांत एका हातानं बॅग भरत होता.

"हा गणपतीचा स्टिकर कुणी लावला?"
आईनं. शुभ म्हणून.
"वजन एका अंगाला गेलं, फिरताना डगमगते."
काढा मग.
"काढायचा नाही आता. चांदी निघून येईल सोबत."
त्यांनी समोरच्या बाजूला
तेवढीच चिकटपट्टी कापून लावली,
नखानं दाबली.
मग टेबलाखालून एक जुना ड्राइव्ह काढला:
"हा म्हातारा आहे. हळू वाचतो. पण वाचतो."

दीड तास. दोन कटिंग.
हिरवी पट्टी त्रेसष्टवर येऊन बसली,
आतून कुणी सुपारी कातरतंय असा आवाज,
मग चौसष्ट.

अण्णांचा हात वर गेला आणि खाली आला.
इतकं साधं होतं ते.
त्यांनी कँटीनचे आभार मानले,
नऊ नंबरच्या लेथचे मानले, लोक हसले,
खडकीच्या उन्हाबद्दल काहीतरी बोलले,
मग म्हणाले, "आणि आपला सोपान..."

थांबलं.

मोहसीनभाईंचा हात माउसकडे गेला.
मी म्हटलं, थांबा.
मागे पंखा फिरतोय.
बॅनरचा सुटलेला कोपरा हलतोय.
पहिल्या रांगेतला आईचा अंबाडा
जरासा खाली झुकलाय.
चित्र चालू आहे. अण्णा थांबलेत.

एकोणीस सेकंद. दोघांनी मोजली.
मग अण्णांनी माइक दुसऱ्या हातात घेतला
आणि म्हणाले, "चला. जेवून घ्या सगळ्यांनी."

"हा मधला तुकडा काढून टाकू?
पुष्कळ लोक काढायला सांगतात."
नको म्हटलं. चारच्या स्पीडनं लिहा.
उशीर झाला तरी चालेल.

सोपान कोण, मला माहीत नाही.
घरात हे नाव कधी आलं नाही,
आणि आईला विचारायची सोय आता राहिलेली नाही.
शनिवारवाड्याच्या स्टॉपवर बसची वाट बघत
निशिकांतला फोन लावला.
डिस्क दुरुस्त झाली, म्हटलं. बरं झालं, म्हणाला.
सोपान कोण रे?

पलीकडून काही नाही.
कट झाला की काय म्हणून कानापासून काढून बघितला.
सेकंद पळत होते.